लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरील बिनपगारी सेवक

परदेशीं जाऊन अनोळखी लोकांची सेवा करणाऱ्या मनुष्याचें चित्र आपल्या मनांत बहुधा एका ठराविक तऱ्हेचें असतें. रोग्याच्या उशाशीं बसलेली परिचारिका, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, मुलांना अक्षरें गिरवावयास लावणारा शिक्षक, एवढेंच आपल्याला दिसतें. तो मनुष्य सकाळीं उठल्यावर पाणी कोठून आणीत असेल, त्याच्या पायांतील जोडे कोण शिवीत असेल, त्याच्या ताटांत पडणारें अन्न कोणाच्या कोठारांतलें असेल, हे प्रश्न सहसा आपल्यापुढें उभे राहत नाहींत. वास्तविक सेवेची पारख याच प्रश्नांनीं होते. म्हणून एका अतिशय थंड किनाऱ्यावर परक्या देशांतून आलेल्या बिनपगारी सेवकांचा नित्यक्रम कसा असे, हें आज थोडें तपशिलानें पाहूं.

हा किनारा म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोकाचा लॅब्रॅडॉर. पृथ्वीचा गोल हातीं घेऊन लंडन शहरावरून बोट सरळ पश्चिमेकडे फिरवीत नेलें, तर अटलांटिक महासागर ओलांडल्यावर तें लॅब्रॅडॉरच्या दक्षिण टोकाच्या आसपास टेकतें. अक्षांश जवळजवळ एकच, परंतु हवामानांत जमीनअस्मानाचें अंतर. इंग्लंडच्या किनाऱ्याला उष्ण प्रवाहाची ऊब मिळते. लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्याला घासून जाणारा प्रवाह उत्तरेकडून बर्फाचे डोंगर घेऊन येतो. त्यामुळें हिवाळ्यांत इकडे समुद्रच गोठतो, आणि पुष्कळ ठिकाणीं जून महिना उजाडेपर्यंत जहाजांना वाट मोकळी होत नाहीं. आंतल्या भागांत पारा शून्याखालीं ४० अंशांपर्यंत उतरतो. सेंटिग्रेड आणि फॅरनहाइट हीं दोन्ही मापें नेमक्या याच ठिकाणीं एकच आकडा दाखवितात.

अशा ठिकाणीं माणसें राहत होतीं व आजही राहतात. उत्तरेस इन्युइट लोक, अंतर्भागांत हरणांच्या शिकारीवर जगणारे इन्नू लोक, आणि खाड्याखाड्यांतून विखुरलेले वसाहतकरी. या वसाहतकऱ्यांपैकीं पुष्कळांचे पूर्वज इंग्लंड-स्कॉटलंडांतून आलेले आणि पूर्वजा इन्युइट वंशाच्या होत्या. शिवाय उन्हाळ्यांत दक्षिणेकडील न्यूफाउंडलंड बेटावरून हजारो मच्छीमार आपल्या गलबतांतून येथें कॉड मासा धरावयास येत. व्यवहार सारा उधारीचा. व्यापारी हंगामाच्या आरंभीं मीठ, जाळीं, पीठ, काकवी व चहा देई आणि हंगामाअखेर मासळी घेऊन हिशेब मांडी. मासळीचा भाव त्यानेंच ठरवावयाचा आणि पिठाचाही त्यानेंच. कित्येक कुटुंबांच्या हातांत वर्षानुवर्षें रोख पैसा म्हणून पडतच नसे. क्षय, स्कर्व्ही आणि बेरीबेरी हे रोग घरोघर होते. मात्र डॉक्टर किनाऱ्यावर कायमचा असा नव्हताच.

१८९२ सालच्या उन्हाळ्यांत विल्फ्रेड ग्रेनफेल नांवाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर तेथें आला. खोल समुद्रांतील मच्छीमारांसाठीं काम करणाऱ्या इंग्लंडांतील एका धार्मिक संस्थेनें त्याला ‘आल्बर्ट’ नांवाच्या शिडाच्या जहाजांतून पाठविलें होतें. न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स हें शहर त्याच सुमारास मोठ्या आगींत भस्मसात् झालें होतें, आणि जहाज बंदरांत शिरलें तेव्हां धूर अजून निघत होता. तेथून तो लॅब्रॅडॉरला गेला व त्या एका हंगामांत त्यानें सुमारें ९०० रोगी तपासले. पुढच्या वर्षीं दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका घेऊन तो परत आला व बॅटल हार्बर येथें पहिलें रुग्णालय उघडलें. पुढें न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकावरील सेंट अँथनी हें या कार्याचें मुख्य ठाणें झालें. १९१४ सालीं या सर्व कामासाठीं आंतरराष्ट्रीय ग्रेनफेल संघ स्थापन झाला.

डॉक्टर-परिचारिका मिळाल्या, तरी रुग्णालय एवढ्यानें चालत नाहीं. इमारती बांधावयाच्या, लांकूड फोडावयाचें, कोळसा उतरवावयाचा, गटारें खणावयाचीं. याकरितां अमेरिका, कॅनडा व इंग्लंड येथील तरुण पुढें आले. त्यांत विद्यापीठांतले विद्यार्थी पुष्कळ असत. वेतन नाहीं, इतकेंच नव्हे, तर जाण्यायेण्याचा खर्चही बहुधा ज्याचा त्यानें सोसावयाचा. ‘वेतनाविना काम करणारा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून त्यांना ‘वॉप’ असें थट्टेचें नांव पडलें होतें, आणि तें ते मोठ्या अभिमानानें मिरवीत.

टपालाच्या आगबोटीनें असा तरुण जून-जुलैंत किनाऱ्यावर उतरे, तेव्हां त्याच्या मनांत कुत्र्यांच्या गाड्या, हिमवादळें आणि प्राणसंकटांतून केलेल्या सुटका यांचीं चित्रें असत. त्याच्या हातीं मात्र पहिल्या दिवशीं फावडें येई. जहाजांतून कोळशाचीं पोतीं, पिठाचीं पिंपें, इमारतीच्या फळ्या लहान होडींत उतरवावयाच्या, होडी धक्क्याला आणावयाची आणि तेथून सारें पाठीवर घेऊन चढण चढावयाची. जमीन खणावी तर वीतभर मातीखालीं खडक लागे. उन्हाळा असल्यानें थंडीचा त्रास कमी, पण डांस आणि चावऱ्या काळ्या माशा यांचे थवे डोळ्यांत-कानांत शिरत. मानेवर रक्ताचे ओघळ येत. दोन्ही हात कामांत गुंतलेले असल्यानें माशी हाकलण्याचीही सोय नसे. पंधरा दिवसांत तळहाताला घट्टे पडत आणि सेवेविषयींच्या पुष्कळशा काव्यमय कल्पना गळून जात.

जेवणाचें मानही नवें होतें. पाव, काकवी व काळा चहा हें रोजचें अन्न. खारवलेला कॉड मासा आणि रात्रभर भिजत घातलेलीं कडक बिस्किटें एकत्र शिजवून वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालीत, तें पक्वान्न. ताजी भाजी दुर्मिळ. बटाटे, कोबी व सलगम थोड्याशा मळ्यांत होत तेवढेच. उन्हाळा संपतां संपतां दलदलीच्या जागीं पिवळसर नारिंगी रंगाचीं व माळावर लाल रंगाचीं रानटी बोरांसारखीं फळें पिकत. बायकामुलें तीं वेंचून हिवाळ्यासाठीं सांठवीत. पाहुण्या तरुणाला हा एक खेळ वाटे. ज्या घरांत पुढील आठ महिने दुसरें फळ दिसावयाचें नाहीं, त्या घरच्या आईला तो खेळ वाटत नसे.

सप्टेंबर लागला कीं बहुतेक विद्यार्थी शेवटच्या बोटींपैकीं एखादी पकडून परत जात. त्यांनीं बांधलेली भिंत व खणलेला चर मागें राही आणि त्यांची उणीव कोणी काढीत नसे. परंतु किनाऱ्यावरच्या लोकांच्या दृष्टीनें खरी विभागणी याच ठिकाणीं होई. उन्हाळ्याचा पाहुणा निराळा आणि हिवाळ्याला राहणारा मनुष्य निराळा.

हिवाळ्याला राहणारे थोडे. त्यांत परिचारिका, शिक्षक, डॉक्टर आणि एखाद-दुसरा वॉप. एलियट मेरिक नांवाचा अमेरिकन तरुण १९२९ सालीं आपली शहरांतील नोकरी सोडून असाच आला आणि नॉर्थ वेस्ट रिव्हर येथील शाळेंत विनावेतन शिकवूं लागला. केट ऑस्टिन ही ऑस्ट्रेलियन परिचारिका तेथें काम करीत होती. पुढें त्यांचा विवाह झाला. तिच्या अनुभवांवर त्यानें १९४२ सालीं एक पुस्तक लिहिलें. पृथ्वीच्या दक्षिण भागांतील उन्हाच्या देशांत वाढलेल्या मुलीनें या बर्फांत येऊन सुइणीचें, दंतवैद्याचें आणि प्रसंगीं डॉक्टरचें काम करावें, ही गोष्ट त्या काळीं तेथें अपवादात्मक नव्हती. डॉक्टर फिरतीवर गेला म्हणजे कित्येक आठवडे साऱ्या ठाण्याचा भार एकट्या परिचारिकेवर असे.

तिचा दिवस रोग्यांपासून सुरू होत नसे. तो चुलीपासून सुरू होई. रात्रीं चूल विझली तर सकाळीं बादलींतील पाणी गोठलेलें आणि पाव दगडासारखा झालेला. प्रथम विस्तव, मग पाणी. नदीवर किंवा तळ्यावर बर्फाला भोंक पाडून ठेवलेलें असे, तें रात्रींतून पुनः गोठे. म्हणून कुऱ्हाड घेऊन रोज तें फोडावें लागे. भरलेल्या दोन बादल्या आणतांना पाणी हिंदकळून पायावर सांडलें तर कपड्यांचा क्षणांत पत्रा व्हावयाचा. म्हणून तेथील लोक एक लांकडी कडें वापरीत. त्या कड्याच्या मध्यभागीं माणूस उभा राही व बादल्या कड्याच्या बाहेरच्या अंगास राहत, त्यामुळें त्या पायांना लागत नसत. हें साधन कोणा विद्यापीठांत शिकवीत नाहींत. तें शेजारच्या दहा वर्षांच्या पोराकडून शिकावें लागे.

कपड्यांचेंही तसेंच. नवखा मनुष्य जाड लोंकरीचे कपडे एकावर एक चढवी, काम करतां करतां घामानें भिजे आणि मग उभा राहिल्याबरोबर गारठे. तेथला जुना नियम असा, कीं थंडींत घाम येऊं द्यावयाचा नाहीं. वाऱ्याला अडविणारें पण अंगाची वाफ बाहेर जाऊं देणारें हलकें कापड पाहिजे, ही ग्रेनफेल यांची अडचण ऐकून इंग्लंडमधील बर्नली गांवच्या हेथॉर्नथ्वेट या गिरणीवाल्यानें १९२३ च्या सुमारास दाट विणीचें सुती कापड तयार केलें. तें ‘ग्रेनफेल कापड’ म्हणून पुढें प्रसिद्ध झालें. पायांतील सीलच्या कातड्याचे जोडे मात्र स्थानिक बायकाच शिवीत. टांके इतके बारीक, कीं पाणी आंत शिरत नसे. हें कातडें वाळलें कीं लांकडासारखें होई. तें दांतांनीं चावून मऊ करण्याची इन्युइट बायकांची रीत होती. म्हणजे डॉक्टर रोग्याकडे वेळेवर पोंचला, त्याच्या श्रेयांतील कांहीं वांटा त्या चावणाऱ्या दांतांचाही असे.

प्रवास कुत्र्यांच्या गाडीचा. या गाडीला कोमॅटिक म्हणतात. दोन लांब धावपट्ट्या आणि त्यांवर आडव्या फळ्या; परंतु फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नसून वादीनें बांधलेल्या असत. खिळे ठोकलेली ताठर गाडी खांचखळग्यांच्या बर्फावर फुटते, बांधलेली गाडी वांकते व टिकते. कुत्र्यांना लगाम नसे. आवाजावर तीं उजवी-डावीकडे वळत. हीं कुत्रीं लाडावलेलीं नव्हेत. त्यांच्यापुढें पडलेल्या मनुष्यालाही धोका असे, आणि लहान मुलांवर त्यांनीं हल्ले केल्याचे प्रसंग घडत. म्हणून ग्रेनफेल यांनीं १९०८ सालीं लॅपलंडांतून ३०० रेनडियर हरणें आणि त्यांना राखणारीं कुटुंबें आणविलीं. ओझें ओढणारें व दूधही देणारें जनावर मिळेल असा हेतु. कळप वाढला, पण चोरट्या शिकारीमुळें व अव्यवस्थेमुळें कांहीं वर्षांतच ती योजना बारगळली. कुत्रीं राहिलीं.

वाटेंत सोबत्यानें सोबत्याच्या तोंडाकडे वारंवार पाहावयाचें असा दंडक होता. गालावर किंवा नाकावर पांढरा डाग दिसला, कीं तेथें हिमदंश सुरू झाला म्हणून समजावें. ज्याला तो होतो त्याला स्वतःला कळत नाहीं, कारण ती जागा बधिर झालेली असते. वसंतांत उन्हानें चकाकणाऱ्या बर्फामुळें डोळे सुजून तात्पुरतें आंधळेपण येई. रात्रीं मुक्काम वाटेवरील कोणत्याही घरीं करावा. दार ठोठावण्याचीही चाल नव्हती. घरधनी आपला बिछाना पाहुण्याला देई आणि स्वतः जमिनीवर निजे. घरधनीण चहा ठेवी, पाव कापी. हिवाळ्याच्या अखेरीस त्या घरांतलें पिठाचें पिंप तळाशीं आलेलें असे, आणि पुढील जहाज येण्यास दोन महिने अवकाश असे. तरी पाव कापतांना तिचा हात आंखडत नसे.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सेवा करावयास आलेला मनुष्य या घरीं कोणाच्या तोंडचा घांस खात होता? त्याला पैसे देण्याची इच्छा असली तरी घरधनी तें घेत नसे. आणि घेतले असते, तरी जवळपास दुकान कोठें होतें? जो सेवक शहाणा असे, तो आपल्याबरोबर शिधा घेऊन निघे, सरपण फोडून देई, आजाऱ्याचें औषध करी आणि निमूटपणें आभार मानी. ज्याला हें कळत नसे, तो आपण या लोकांवर उपकार करीत आहोंत अशा समजुतींतच वसंतांत घरीं परते.

खुद्द ग्रेनफेल यांनाही हा धडा कठीण रीतीनें मिळाला. १९०८ च्या एप्रिलमध्यें, ईस्टरच्या सुमारास, सुमारें ६० मैल दक्षिणेकडून एका मुलाची मांडी पुनः सडूं लागल्याचा निरोप आला. ग्रेनफेल आपली कुत्र्यांची गाडी घेऊन निघाले. किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारी लांबची वाट टाळून त्यांनीं उपसागराच्या बर्फावरून आडवी वाट धरली. वारा फिरला, बर्फ फुटला आणि ते कुत्र्यांसह पाण्यांत गेले. कसेबसे एका तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर चढले. तो तुकडा खुल्या समुद्राकडे वाहूं लागला. थंडीपासून जीव वांचविण्यासाठीं त्यांनीं आपल्या तीन कुत्र्यांना मारून त्यांचीं कातडीं पांघरलीं, त्यांच्या पायांचीं हाडें बांधून काठी केली व तिला अंगांतला सदरा अडकवून निशाण केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं बर्फाच्या तुकड्यांमधून, आपली होडी चिरडली जाण्याची भीति असतां, वल्हीं मारीत येऊन त्यांना सोडविलें. तो मुलगा पुढें होडीनें रुग्णालयांत आणला गेला व सुधारला. मूडी, वॉच व स्पाय या तीन कुत्र्यांच्या नांवाचा पितळी फलक ग्रेनफेल यांनीं आपल्या घरीं लावला. जगांत ही कथा ग्रेनफेल यांच्या धैर्याची म्हणून गाजली. ती तितकीच त्या होडींतील माणसांच्या धैर्याचीही आहे. जो रोग्याला वांचवावयास निघाला, त्यालाच वांचविण्याकरितां गांवाला धांवावें लागलें.

याहून मोठें संकट १९१८ सालीं आलें. त्या वर्षींच्या इन्फ्लुएंझाची आठवण महाराष्ट्रांत कित्येक घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलेली आहे. मुंबईंत ती सांथ जूनमध्यें प्रथम गोदीजवळ पहारा करणाऱ्या पोलिस शिपायांत दिसली, म्हणजे ती समुद्रावाटे आली असें समजलें गेलें. लॅब्रॅडॉरलाही ती तशीच जहाजानें आली. हिवाळा तोंडावर असतां, वर्षाचा शेवटचा माल व टपाल आणणाऱ्या बोटींनींच रोग आणला. ओकाक या इन्युइट वस्तींत मोरेव्हियन मिशनचें ठाणें होतें. तेथील सुमारें २६० माणसांपैकीं २०० हून अधिक दगावलीं. दुखणाईत माणसांना सरपण आणवेना, चुली विझल्या, आणि भुकेलेलीं कुत्रीं घरांत शिरलीं.

कार्टराइट या गांवीं हेन्री गॉर्डन हा इंग्लंडहून आलेला पाद्री होता. तो स्वतः आजारी पडला. उठून उभा राहण्याइतकी शक्ति येतांच त्यानें थोड्याशा सोबत्यांसह घरोघर फिरून विस्तव पेटविले, लोकांना अन्न भरविलें, आणि मेलेल्यांसाठीं गोठलेल्या जमिनींत खड्डे खणले. त्या दिवसांत त्याला कोणाला उपदेश करावयास वेळ नव्हता. लांकूड, पाणी, सूप आणि कुदळ हेंच त्याचें धर्मकार्य होतें. सांथ ओसरल्यावर पोरक्या झालेल्या मुलांसाठीं त्यानें मडी बे येथें शाळा व वसतिगृह उभें केलें; तें १९२० सालीं सुरू झालें.

सेवेंतला दुसरा अवघड प्रश्न देण्याघेण्याचा. अमेरिकेंतून व इंग्लंडांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येत. ते तसेच फुकट वाटल्यास लोकांचा स्वाभिमान दुखावतो, हें ग्रेनफेल यांनीं ओळखलें होतें; म्हणून कपड्याच्या बदल्यांत सरपण, विणकाम किंवा दिवसभराचें काम घेण्याची पद्धति त्यांनीं पाडली. १८९६ सालींच रेड बे येथें सहकारी दुकान निघालें, तें व्यापाऱ्याच्या उधारींतून सुटण्यासाठीं. १९०६ सालीं जेसी ल्यूथर ही अमेरिकन बाई सेंट अँथनीला आली व तिनें विणकाम आणि इतर हस्तव्यवसाय यांचे वर्ग सुरू केले. गोणपाटावर चिंध्या ओवून जाजमें करण्याची कला तेथील बायकांना पूर्वीपासूनच येत होती. संघानें तिला नमुने व बाजारपेठ मिळवून दिली. पुढें तर शहरांतील बायकांकडून फाटके रेशमी मोजे मागवून त्यांचीं जाजमें होऊं लागलीं. बर्फावरील कुत्र्यांच्या गाड्या, हंस, अस्वलें अशीं चित्रें असलेलीं हीं जाजमें शहरांतल्या दिवाणखान्यांत गेलीं, आणि मच्छीमाराच्या बायकोच्या हातीं स्वतःच्या कमाईचें कांहीं पडलें.

सर्वच उपाय असे गोड लागले नाहींत. कोंडा काढलेलें पांढरें पीठ, चहा व काकवी यांवरच हिवाळा काढल्यानें बेरीबेरी होते, म्हणून डॉक्टर मंडळी कोंड्यासकट दळलेल्या तपकिरी पिठाचा आग्रह धरीत. त्यांचें शास्त्र बरोबर होतें. परंतु १९३४ नंतर सरकारी मदतीबरोबर हेंच तपकिरी पीठ गरिबांना सक्तीनें मिळूं लागलें, तेव्हां तें भिकाऱ्याचें पीठ ठरलें व लोकांनीं त्याचा तिटकारा केला. खरें सांगणें एक आणि तें ऐकणाऱ्याच्या मानाला न दुखवितां सांगणें दुसरें.

या कार्याची आणखी एक बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. मोरेव्हियन मिशनच्या व ग्रेनफेल संघाच्या शाळा-वसतिगृहांत इन्युइट, इन्नू व इतर मुलें आईबापांपासून दूर ठेवलीं गेलीं. तेथें इंग्रजीचा अंमल होता. पुष्कळ मुलें घरची भाषा व रीत विसरलीं, आणि कित्येकांचा छळही झाला. नॉर्थ वेस्ट रिव्हरच्या शाळेला येल विद्यापीठाचें नांव होतें, कारण ती उभारण्यांत तेथील विद्यार्थी स्वयंसेवकांचा हात होता. विटामातींत राबणाऱ्या त्या तरुणांच्या मनांत वाईट हेतु नव्हता. परंतु मुलांना त्यांच्या घरांतून काढून सुधारावें, हें ठरवितांना घराला कोणी विचारलें नव्हतें. २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं कॅनडाचे त्या वेळचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनीं लॅब्रॅडॉरमधील गूज बे येथें जाऊन या शाळांतील माजी विद्यार्थ्यांची जाहीर क्षमा मागितली. इन्नू लोकांच्या नेत्यांनीं ती क्षमायाचना स्वीकारली नाहीं. आपल्या लोकांनीं जें सोसलें त्याची पुरी दखल अजून घेतली गेली नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

ग्रेनफेल १९४० सालीं वारले. १९४९ सालीं न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडॉर कॅनडांत सामील झाले. १९८१ सालीं संघानें आपलीं रुग्णालयें प्रांतिक सरकारच्या हवालीं केलीं. बिनपगारी सेवकांनीं जें चालविलें, तें पगारी सरकारी नोकरांच्या हातीं जावें, यांत कोणाला सेवेचा शेवट दिसेल. वास्तविक तेंच तिचें यश होय. रोग्याला औषध मिळणें हें दात्याच्या लहरीवर न राहतां त्याचा हक्क झाला.

मग त्या तरुणांच्या श्रमांचें मोल काय? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्याशिवाय कित्येक माणसें औषधावांचून मेलीं असतीं. आणि किनाऱ्यावरील माणसांशिवाय त्यांच्यापैकीं कोणाचाही पहिला हिवाळा पार पडला नसता. ज्यांना दुसरी गोष्ट उमगली, त्यांच्या हातून पहिली नीट झाली. ज्यांनीं घराला न विचारतां घराचें भलें ठरविलें, त्यांच्या चुकीचें ओझें मुलांना जन्मभर वाहावें लागलें.

परक्या मुलखांत सेवेला जाणाऱ्या कोणाही तरुणाला या किनाऱ्यावरून एक साधी गोष्ट शिकतां येईल. पहिल्या दिवशीं काय द्यावें हें विचारूं नये. पाणी कोठून आणतात तें विचारावें. तें भोंक रात्रीं पुनः गोठलेलें असेल. सकाळीं कुऱ्हाड घेऊन तें फोडावें आणि दोन बादल्या भरून आणाव्या. शेजारीं कोणी म्हातारी एकटी राहत असेल, तर तिच्याही दोन आणाव्या.